चिनी ऑनलाइन प्रेमकादंबऱ्या आणि उशिराचं गणित : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

ठरलं एकदाचं. माझी ऑनलाइन प्रेमकथा भाग १४ पर्यंत आली आणि चिखलात रुतली. कारण उघड आहे, मंदार सहाव्या भागातच "मला तू आवडतेस" म्हणून मोकळा झाला, अनघा लाजली, आणि त्यानंतर आठ भाग मी त्या दोघांना नुसता चहा पाजतीये. कालच्या भागाखाली एक काकू लिहितात, छान लिहिता, पण आता लग्न लावून टाका बाई. यात राग येण्यासारखं काही नाही, काकूंचं बरोबरच आहे.

ताईशी बोलले. ताई म्हणजे माझी मावसबहीण, चिनी शिकलेली, चाकणच्या कारखान्यांसाठी मशिनांची मॅन्युअलं चिनीतून इंग्रजीत करते आणि रात्री जागून चिनी प्रेमकादंबऱ्या वाचते. ती म्हणाली तू सहा आठवडे लिहू नकोस, फक्त या कादंबऱ्या उघडून बघ की ही माणसं दीडशे-दोनशे भाग वाचकाला धरून कशी ठेवतात. मी इंग्रजी अनुवाद वाचणार, अडलं की ताई मूळ बघून सांगणार. एक शीट केलीये, रकाने तीन : कबुली कुठल्या भागात, कोणाला काय माहीत, शेवट गोड की कडू. बघू.

८ जानेवारी

आधी हे सगळं कुठे लिहिलं जातं ते समजून घेतलं, कारण त्याशिवाय रचना कळत नाही. बायकांच्या वाचनाचं सगळ्यात मोठं गाव म्हणजे जिनज्यांग, ही साइट २००३ ची. लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच, वाचणाऱ्याही. २००८ पासून तिथे पैसे देऊन वाचायची सोय आली, म्हणजे सुरुवातीचे भाग फुकट आणि मग एका टप्प्यावर कथेला कुलूप, तिथून पुढे हजार अक्षरांमागे काही फेन. फेन म्हणजे युआनचा शंभरावा भाग, आपला पैसाच म्हणा. रक्कम किरकोळ, पण त्यामुळे लेखिकेला रोज भाग टाकावा लागतो आणि प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाच्या हाताने पुढचं बटण दाबलं जायला हवं. म्हणजे आपण ज्याला "उगाच ताणलंय" म्हणतो त्यातलं निम्मं पोटापाण्याचं आहे.

वाचकांनी लेखिकेला द्यायच्या भेटवस्तूंची नावं वाचून मी हसत सुटले, भूसुरुंग, हातबॉम्ब, पाणतीर. भाग आवडला की लेखिकेवर भूसुरुंग फेकायचा! आणि झाडाला घालतात तसं पोषणद्रव्यही ओतायचं. अर्धवट राहिलेल्या कथेला म्हणतात "खंग", म्हणजे खड्डा. लेखिका खड्डा खणते, वाचक त्यात पडतात, ती तो बुजवते किंवा पळून जाते. ताई म्हणाली पुण्यात राहून तुला हे समजवायची गरज नाही.

माझा खड्डा १४ भाग खोल आहे ही नोंद असू दे.

११ जानेवारी

पहिली घेतली गू मान या लेखिकेची एक लहानशी कादंबरी, २००३ च्या सुमाराची, जिच्यावर पुढे २०१५ मध्ये मालिका आली. कॉलेजात मुलगी मुलाच्या मागे लागलेली, मग गैरसमज, ती अमेरिकेला जाते, सात वर्षांनी फोटोग्राफर होऊन परत येते आणि दोघं एकमेकांना दिसतात कुठे, तर सुपरमार्केटात. पाऊस नाही, स्टेशन नाही, फलाटावरची धावपळ नाही. भाजीपाला आणि ढकलगाडी.

मला आधी हे फुसकं वाटलं. मग लक्षात आलं की ही कथा प्रेम होण्याची नाहीच, प्रेम सात वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. म्हणजे "आवडतेस" हा प्रश्नच शिल्लक नाही, प्रश्न आहे तो मधली सात वर्षं कोण भरून देणार. नायक वकील आहे, यशस्वी आहे, लोक स्थळं सुचवतायत, आणि तो लग्न का करत नाही याचं त्याच्याकडचं कारण एका चिनी शब्दात आहे, "ज्यांगज्यू". ताईने अर्थ सांगितला, जे आहे त्यावर भागवणं. मी म्हटलं अगं याला आपल्याकडे अगदी चपखल आहे की, चालवून घेणं. ती एकदा होती म्हटल्यावर बाकी सगळ्या म्हणजे चालवून घेणं, आणि त्याला ते नको. इंग्रजी अनुवादात ते वाक्य पोस्टरवर छापल्यासारखं वाटतं, मराठीत मात्र आजीच्या तोंडात बसेल.

शीटमध्ये "कबुली कुठल्या भागात" या रकान्यात काय लिहू? "गोष्ट सुरू व्हायच्या आधी" असं लिहिलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून आले आणि ताईकडून "गोड" या शब्दावर शिकवणी घेतली. चिनी वाचक कथांची दोन ढिगांत वाटणी करतात, गोड आणि छळवादी. छळाला त्यांचा शब्द "न्यूए". लेखिकेने प्रेमाचा छान प्रसंग दिला की "साखर वाटली" म्हणतात, रडवलं की "सुरी चालवली". आणि एक फार सुंदर म्हण आहे त्यांची, काचेच्या चुऱ्यातून साखर वेचून खाणे, म्हणजे दुःखाचे पन्नास भाग चाललेत आणि त्यात त्याने तिची शाल सरळ केली एवढ्यावर वाचक आठवडा काढतात.

माझ्या कथेत काच नाहीच. नुसता साखरेचा डबा उघडा ठेवलाय आणि मुंग्याही येत नाहीत.

१९ जानेवारी

गेले चार दिवस झोप नाही. तोंग ह्वा या लेखिकेची एक कादंबरी, २००५ मध्ये जिनज्यांगवर आली होती, २०११ मध्ये मालिका, २०१६ मध्ये कोरियन लोकांनीही आपली केली. आजच्या काळातली ऑफिसात काम करणारी मुलगी अपघाताने खांगशी बादशहाच्या काळात जाऊन पडते, रोशी नावाच्या एका उमराव मुलीच्या शरीरात. आजूबाजूला सगळे राजपुत्र. आणि तिला इतिहास पाठ आहे! चौथा गादीवर बसणार, आठव्याचा सत्यानाश होणार, हे तिला माहीत, वाचकाला माहीत, शाळेत शिकलेल्या प्रत्येक चिनी पोराला माहीत. फक्त त्या राजपुत्रांनाच माहीत नाही.

मला कायम वाटायचं की वाचकापासून काहीतरी लपवून ठेवलं की उत्कंठा. इथे उलट आहे, सगळं सांगून टाकलंय, तरी जीव टांगणीला. आपण पानिपत वाचतो तेव्हा काय होतं, १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते पोटात माहीत असूनही दरवेळी वाटतं की भाऊ या वेळी तरी हत्तीवरून उतरणार नाहीत. तसंच आहे हे. रोशी आधी आठव्यात गुंतते, त्याला सांगते की गादीची हाव सोड, तो सोडत नाही, आणि ती बाजूला होते, कारण तिला त्याचं मरण तारखेसकट दिसतंय. मग चौथा. तिथे प्रेम आहे, पण तो बादशहा झाल्यावर ज्यांना संपवतो ती सगळी तिची माणसं.

आणि शेवटचं ते पत्र. मरायला टेकलेली ती बादशहाला पत्र लिहिते, एकदा येऊन जा. तिचं अक्षर बादशहाच्या अक्षरासारखं, म्हणून चौदावा राजपुत्र भलत्याच कुणाला संशय नको म्हणून वरून स्वतःच्या अक्षरातला दुसरा लिफाफा घालतो. बादशहाला वाटतं हा चौदाव्याचाच काहीतरी खवचटपणा, आणि तो पत्र उघडतच नाही. ती वाट बघून जाते. मग तो उघडतो.

कोणी दुष्ट नाही इथे, चौदाव्याने तर भलंच करायला घेतलं होतं. एका लिफाफ्याचा उशीर. मी मोबाईल उशीखाली सरकवला आणि उठून भांडी घासली, रात्री अडीचला.

२० जानेवारी

शीटमध्ये नवीन रकाना घातला. नाव : उशीर किती आणि कोणामुळे.

२५ जानेवारी

एकदा तो रकाना घातल्यावर बाकीचे रकाने फिके पडले. या कादंबऱ्यांचे जे प्रकार सांगतात ते सगळे वेळेशी केलेले खेळ आहेत असं मला वाटायला लागलंय. "च्वानयुए" म्हणजे दुसऱ्या काळात पडणं. "च्वुंगशंग" म्हणजे पुनर्जन्म, पण आपल्यासारखा पुढचा जन्म नाही, आपल्याच आयुष्यात दहा वर्षं मागे जाऊन जाग येणं, सगळ्या आठवणींसकट. नवऱ्याने आणि सख्ख्या बहिणीने मिळून मारलं, डोळे उघडले तर लग्नाच्या आदली रात्र! हा प्रकार मला ताई सांगायची तेव्हा पोरकट वाटायचा, पण चार वाचल्यावर कळलं की त्यातली खरी चव सुडाची नाहीच. नायिका मागच्या वेळी ज्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही त्या माणसाकडे आता बघते, आणि तिला आठवतं की तिच्या प्रेताला खांदा द्यायला हाच आला होता. त्याला काही माहीत नाही. तो बिचारा नमस्कार करून बाजूला उभा राहतो.

मग देवादिकांच्या प्रेमकथा. थांग छी या लेखिकेच्या तीन जन्मांच्या कादंबरीत नायिका एक लाख चाळीस हजार वर्षांची आणि नायक पन्नास हजारांचा, म्हणजे मुलगी नव्वद हजार वर्षांनी मोठी, सांगा आता आमच्या शेजारच्या काकूंना. ती माणूस म्हणून जगत असताना त्याच्यामुळे तिचे डोळे जातात, ती कड्यावरून उडी मारते, मग विसरण्याचं औषध घेते. तीनशे वर्षांनी भेट होते तेव्हा ती त्याला ओळखत नाही आणि तो ओळखतो. पुढचा सगळा भाग तिच्या तोंडून सांगितलाय, ती मजेत, खोडकर, आळशी, आणि आपल्याला मात्र तिच्या विनोदी वाक्यांच्या मागे त्याचा चेहरा दिसत राहतो. लेखिका त्याच्याबद्दल एक अक्षर जास्त बोलत नाही. ही कारागिरी आहे. आपल्याकडे दुष्यंत विसरतो आणि शकुंतलेला आठवत असतं, पण तिथे अंगठी सापडली की हिशेब मिटतो. इथे आठवण परत येणं हेच सगळ्यात मोठं संकट, कारण आठवली की ती निघून जाणार.

स्वर्गातला एक दिवस म्हणजे पृथ्वीवरचं एक वर्ष हाही तिथला ठरलेला नियम. रेवतीची गोष्ट आठवली, बापाबरोबर ब्रह्मदेवाकडे स्थळ विचारायला गेली आणि परत येईपर्यंत युगं गेली, मनात धरलेली स्थळं कधीच मरून गेलेली. आपल्याकडे ती कीर्तनात दोन मिनिटांत उरकतात. चिनी बाईने तिच्यावर दोनशे भाग लिहिले असते.

२८ जानेवारी

"युआनफन" या शब्दावर ताईशी तासभर. इंग्रजीत नशीब, नियती असलं काहीतरी करतात. मी म्हटलं ऋणानुबंध. ताई गप्प झाली, मग म्हणाली मी पंधरा वर्षं चिनी वाचतीये आणि मला हे सुचलं नाही. वर तिने पुरावाच दिला, अठराव्या शतकातली त्साव श्युएछिनची जी मोठी कादंबरी आहे, लाल महालाची, तिच्यात नायिका मागच्या जन्मी एक रोप असते, नायकाने तिला पाणी घातलेलं असतं, आणि ती ठरवते की या जन्मी आयुष्यभराची सगळी आसवं देऊन ते पाणी फेडायचं. म्हणून ती सारखी रडते! कर्ज फेडतीये ती. आसवं संपली की जाणार.

आजच्या कादंबऱ्यांत देवबिव नसले तरी हा हिशेब असतोच. कोणी कोणाचं किती देणं लागतो हे वाचक मनात मांडत असतात, आणि लेखिका मुद्दाम चुकीच्या माणसाच्या नावावर जमा दाखवते. वाचवलं हिने, श्रेय तिला. हा प्रसंग मला आत्तापर्यंत सात कादंबऱ्यांत सापडला. सातही वेळा मी चिडले.

१ फेब्रुवारी

आज न आवडलेलं लिहिते, कारण भक्तिभाव फार व्हायला लागलाय.

कंपनीचा मालक, थंड, श्रीमंत, हुकूमशहा. मनगट धरून भिंतीशी उभं करणार, तिची नोकरी घालवणार, मग तिच्या ताटात स्वतः सोललेली कोळंबी ठेवणार की झालं. कोळंबीने काय भरून येतं? कंत्राटी लग्न, हरवलेलं मूल, सोयीस्कर कॅन्सर. चिनी वाचक स्वतःच याला "कुत्र्याचं रक्त" म्हणतात, म्हणजे भडक मसाला. मी तीन अर्धवट सोडल्या.

पण त्यातलाच एक प्रकार मात्र चिकटून वाचला, बायको निघून गेल्यावर नवऱ्याला अक्कल येते तो. याला त्यांच्यात जी म्हण आहे ती शब्दशः अशी की बायकोला छळताना क्षणभर मजा, मग तिच्या मागे धावताना थेट स्मशान. मी मराठी केलं : छळताना मजा, मनवताना मसण. ताईला पाठवलं, तिने ऑफिसात पाणी सांडलं म्हणे.

यात ती कधी जाते तो भाग महत्त्वाचा नाही. त्यानंतरचा महत्त्वाचा, जेव्हा तो घरात येतो आणि औषधाचा डबा कुठे असतो हे त्याला माहीत नसतं. चांगल्या लेखिका तिथे त्याला रडवत नाहीत. तो डबा शोधतो, सापडत नाही, फोन हातात घेतो, ठेवतो. आणि वाचक म्हणून माझ्या आतली कुठलीतरी बाई खुर्चीत मागे रेलून म्हणते, शोध आता. हे सुख फार कडू आहे आणि फार खरं आहे. आमच्या घरात माझ्या आईला जर बाबांना एकदा असं डबा शोधायला लावता आलं असतं तर... असो. हा प्रकल्प आहे, डायरी नाही.

न मिळालेल्या पहिल्या प्रेमाला "पांढरं चांदणं" म्हणतात, ते कुठून आलं तेही कळलं, चांग आयलिंग या लेखिकेच्या १९४४ च्या कथेतून. लाल गुलाबाशी लग्न केलं की तो भिंतीवरचा डासाच्या रक्ताचा डाग होतो आणि न मिळालेली पांढरी चांदणं होते, पांढरीशी केलं की ती अंगरख्यावर चिकटलेलं भाताचं शीत होते आणि लाल छातीवरचा तीळ. मूळ कथेत हा पुरुषांना मारलेला टोमणा आहे. ऑनलाइन लेखिकांनी त्याचं पात्रच करून टाकलं, परदेशातून परत येणारी जुनी मैत्रीण. टोमण्यातलं विष गेलं आणि विमानाचं तिकीट राहिलं.

४ फेब्रुवारी

छोटी नोंद. २०१४ मध्ये तिकडे इंटरनेट साफ करायची मोठी मोहीम झाली आणि त्यानंतर जिनज्यांगचा एक नियम प्रसिद्ध झाला, मानेच्या खालचं काही लिहायचं नाही. नियम म्हणून वैतागवाणाच, भागच्या भाग कुलूपबंद होतात आणि लेखिका शब्द बदलत बसतात. पण आता कुठलीही कादंबरी उघडा, सगळं प्रेम कानाच्या पाळीत जाऊन बसलंय. कान लाल झाले. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या. कंठमणी वरखाली झाला (हा बरोब्बर सीमेवर राहतो म्हणून वाचला असावा). पुरुष पुरुषाच्या प्रेमात असलेल्या कथाही तिथे बायकाच बायकांसाठी ढिगाने लिहितात, त्यांना तर जास्तच तारेवरून चालावं लागतं, आणि त्यातली कानाच्या पाळीवरची पानं बाकीच्यांपेक्षा सरस आहेत हे माझं मत.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस वसूल झाला. बादशाही कथांत बादशहा स्वतःला "चन" म्हणवतो, हे सर्वनाम फक्त त्याचं, दुसऱ्या कुणी वापरलं तर डोकं जाईल. आणि मग शंभराव्या भागात कुठेतरी, तिच्याशी बोलताना, तो "चन" न म्हणता साधं "वो" म्हणतो, तुम्हीआम्ही म्हणतो तसं मी. एवढंच. चिनी वाचक त्या एका अक्षरावर वेडे होतात. इंग्रजी अनुवादात दोन्हीकडे तेच एक सर्वनाम, त्यामुळे मी ते पान वाचून पुढे गेले होते, ताईने कॉलर धरून मागे आणलं.

आणि मराठीत हे करता येतं! आम्ही आणि मी. "आम्ही आज येणार नाही" म्हणणारा माणूस एका रात्री दारात उभा राहून "मी दमलोय" म्हणतो. कबुलीबिबुलीची गरजच नाही मग. ताई म्हणाली, पण तुझा मंदार सहकारी बँकेत आहे, तो आम्ही म्हणायला लागला तर लोक हसतील. मी म्हटलं अगं आपल्याकडे दुसरं आहे ना, तू आणि तुम्ही.

१० फेब्रुवारी

आणखी एक कादंबरी, मिंगलान नावाच्या मुलीची. सावत्र म्हणजे उपपत्नीच्या पोटची मुलगी, मोठ्या घरात मान खाली घालून वाढलेली. मूळ कादंबरीत ती आजच्या काळातली कोर्टातली कारकून असते, दरड कोसळून मरते आणि त्या घरातल्या लहान मुलीच्या शरीरात जागी होते, मालिकेत हा कालप्रवास काढून टाकलाय. तो काढल्यावर काय हरवतं तर तिची सावध थट्टा. कादंबरीतली मिंगलान प्रेमात पडायचं नाही असं ठरवून लग्न करते, घर नीट चालवायचं, हिशेब चोख ठेवायचा, मन आपल्याजवळ ठेवायचं. नवऱ्याला नंतर हेच खुपतं, की ही सगळं करते पण माझ्यावर रुसत नाही. म्हणजे इथे उशीर तिचा आहे आणि मुद्दाम आहे. अनघा घटस्फोटित आहे, चौतिशीची, ती सहाव्या भागात लाजते कशी? मीच लाजवलं तिला, घाईत.

१५ फेब्रुवारी

भाग ५ आणि ६ परत लिहिले. जुन्या वाचकांना सूचना टाकली की कबुली काढून टाकलीये, माफ करा. आता मंदार काही बोलत नाही. अनघा बँकेत येते, तिच्या आईच्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काम असतं, तो अर्ज त्याने आदल्या दिवशीच भरून ठेवलेला असतो आणि तिला वाटतं ते काम शिपायाने केलं. वाचकांना माहीत आहे. शिपाई आभार घेऊन मोकळा. सात वेळा चिडले ते कुठेतरी उपयोगी पडायला हवं ना.

भाग १५ ही टाकला, रात्री साडेनऊला. काकूंची प्रतिक्रिया आली, अहो त्या शिपायाला कोणीतरी सांगा रे. पाठोपाठ दुसरी, उद्या भाग येणार ना?

शीटमध्ये नवीन ओळ : अनघा मंदारला पहिल्यांदा "तू" म्हणते, भाग ३१. समोर ताईची टीप, लाल रंगात : लवकर होतंय, ४० कर.